अमेरिकेच्या पिकअपमधलं डिझेल गेलं कुठे?

आपल्याकडे मोठी गाडी म्हटली की डिझेल जणू ठरलेलंच. मंडईत टोमॅटोची क्रेट उतरवणारी पिकअप असो, वऱ्हाड घेऊन निघालेली स्कॉर्पिओ असो की पुढाऱ्यांच्या ताफ्यातली फॉर्च्युनर, किल्ली फिरवली की बहुतेक वेळा तीच ओळखीची घरघर. आता ह्यूस्टनला किंवा न्यू जर्सीला असलेल्या भाच्याला फोन करून विचारा, "तुझी ती भलीमोठी गाडी डिझेलवरच असेल ना रे?" तो बहुधा म्हणेल, "छे, मामा, पेट्रोल!"

पिकअप आणि एसयूव्हीवर अमेरिकेइतकं प्रेम क्वचितच कुणी केलं असेल. तिथे विकल्या जाणाऱ्या दर चार नव्या गाड्यांमधल्या तीन तरी याच जातीच्या असतात. तरीही 2023 संपताना पूर्ण आकाराच्या हलक्या पिकअपमध्ये डिझेल देणारी एकच कंपनी उरली होती, जनरल मोटर्स. बाकीच्यांनी दुकान का आवरलं? या प्रश्नाच्या उत्तरात कोंबडी येते, युरिया येतो, दोन मोठ्या लबाड्या येतात आणि पुण्यातलं एक कॉलेजही डोकावून जातं.

मोटार की ट्रक?

अमेरिकी कायद्यात 'हलका ट्रक' या वर्गात पिकअप, व्हॅन आणि बहुतेक एसयूव्ही मोडतात. क्रायस्लरची पीटी क्रूझर आठवते? जुन्या काळातल्या मोटारीसारखी दिसणारी ती गुटगुटीत गाडी मायलेजच्या नियमांपुरती चक्क ट्रक होती, कारण मागच्या सीट काढल्या की तिच्यात सपाट माल ठेवायची जागा व्हायची.

खरी सीमारेषा आहे 8,500 पौंडांची, म्हणजे मालासकट साधारण 3,850 किलोची. तिच्या वरच्या धिप्पाड पिकअपमध्ये डिझेल आजही जोरात आहे. फोर्ड एफ-250, रॅम 2500 यांसारख्या गाड्या घोड्यांचे ट्रेलर आणि बांधकामाचं सामान ओढतात आणि त्यांना लागू होणारे धुराचे नियमही वेगळे. टंचाई आहे ती रेषेच्या खाली. तिथल्या पिकअपना 'हाफ टन' म्हणतात. एकेकाळी त्या अर्धा टन माल उचलायच्या म्हणून हे नाव पडलं. आज त्या त्याहून पुष्कळ जास्त उचलतात, नाव मात्र बदललेलं नाही.

ड्रायव्हरने काढलेली कंपनी

ही टंचाई कशी आली हे कळायला थोडं मागे जाऊ. क्लेसी कमिन्स हा इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या एका बँकरचा ड्रायव्हर. नाव आपल्याला नवं नाही. 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर भागीदारी करून त्याने काढलेली कंपनी पुण्यात कोथरूडला आली आणि कर्वे संस्थेच्या मुलींच्या इंजिनीअरिंग कॉलेजला 1991 पासून जे 'कमिन्स' नाव आहे, तेही या ड्रायव्हरचंच.

1919 मध्ये कमिन्सने मालकाच्या पैशांवर डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. दहा वर्षं झाली तरी नफ्याचं नाव नाही. मालक धंदा गुंडाळणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा कमिन्सने एका जुन्या पॅकार्ड लिमोझिनमध्ये डिझेल इंजिन बसवलं आणि 1929 च्या नाताळच्या दिवशी मालकालाच फेरफटका मारून आणलं. कारखाना वाचला. लगेच पुढच्या महिन्यात तीच गाडी त्याने इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला नेली. 792 मैलांच्या प्रवासाला इंधन लागलं फक्त 1 डॉलर 38 सेंटचं!

एवढ्यावर तो थांबला नाही. 1931 च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत त्याची डिझेल गाडी 500 मैल एकदाही न थांबता धावली. नंबर आला तेरावा, पण इंधनासाठी न थांबता ही शर्यत पूर्ण करणारी ती पहिलीच गाडी होती. 1952 मध्ये तर कमिन्स डिझेलने तोवरची सर्वांत वेगवान फेरी मारून शर्यतीच्या अगदी पुढच्या जागेवरून सुरुवात केली. पुढे टायरच्या रबराचा चुरा टर्बोचार्जरच्या तोंडात अडकला आणि 71 व्या फेरीनंतर ती बाहेर पडली. ज्या देशाने डिझेलला असं शर्यतीत पळवलं, त्याने ते घरच्या गाडीतून काढून टाकावं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

दहा बोल्टांनी केलेला घात

1970 च्या दशकातले तेलाचे भडके अमेरिकेला डिझेलकडे घेऊन आले. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या स्काउट या रांगड्या गाडीत 1976 पासून निसानचं सहा सिलिंडरचं डिझेल मिळू लागलं. मग 1978 मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल विभागाचं 5.7 लिटरचं डिझेल आणलं. ते शेवरलेच्या पिकअपमध्येही बसलं.

त्यात चूक कुठे झाली? डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा एवढी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेतं. या इंजिनात हवा बावीस पटीहून जास्त दाबली जायची, पेट्रोल इंजिनाच्या साधारण अडीचपट. एवढा दाब पेलायला इंजिनाचं डोकं जास्त बोल्टांनी आवळायला हवं. पण कारखान्यातली पेट्रोल इंजिनाची यंत्रसामग्री बदलावी लागू नये म्हणून प्रत्येक बाजूला तेच दहा बोल्ट, त्याच जागी ठेवले. ते ताणले, तुटले, गॅस्केट फुटली. इंधनातलं पाणी वेगळं करायची सोयही ठेवली नव्हती, त्यामुळे पंप गंजले. आणि गॅरेजवाल्यांना डिझेलची सवयच नव्हती.

1981 मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींपैकी सुमारे 6 टक्के डिझेलवर होत्या. 1985 नंतर हे इंजिन बंद पडलं, आणि जाताना एका अख्ख्या पिढीच्या मनात 'डिझेल म्हणजे डोकेदुखी' एवढंच ठेवून गेलं.

वाईट याचं वाटतं की त्याच काळात छोट्या डिझेल पिकअपची तिथे बहार होती. टोयोटा, निसान, इसुझू, माझदा, मित्सुबिशी, सगळ्यांच्या होत्या. फोक्सवॅगनची डिझेल पिकअप तर पेनसिल्व्हेनियात तयार व्हायची. फोर्ड रेंजरमध्ये आधी माझदाचं, मग मित्सुबिशीचं डिझेल यायचं. ही इंजिनं चिवट आणि कमी खाणारी होती. 1986 मध्ये कच्च्या तेलाचे भाव कोसळले, पेट्रोल स्वस्त झालं आणि दशक संपायच्या आत ती एकेक करून नाहीशी झाली.

कोंबडीची वसुली

मग बाहेरच्या देशांतल्या छान डिझेल पिकअप अमेरिकेने आणल्या का नाहीत? इथे कोंबडी येते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त गोठवलेली कोंबडी युरोपात एवढी खपू लागली की युरोपने तिच्यावर भारी जकात लावली. डिसेंबर 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उलटा वार केला: ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक यांच्यावर 25 टक्के आयात कर. स्टार्च-ब्रँडीवरचा कर पुढे गेला. ट्रकवरचा साठ वर्षं उलटूनही राहिला. मोटारींवर पुढची अनेक दशकं अडीच-तीन टक्केच कर होता हे लक्षात घेतलं की या पंचवीस टक्क्यांचं वजन कळतं.

त्यातून पळवाटा निघाल्या. सुबारूने ब्रॅट नावाच्या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात मागे तोंड करून बसायच्या दोन सीट बसवल्या, म्हणजे ती प्रवासी गाडी ठरली. रोनाल्ड रेगन यांच्याकडेही अशी एक ब्रॅट होती. फोर्डने तुर्कस्तानहून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन सीटसकट आणल्या आणि बाल्टिमोरला उतरताच मागच्या सीट काढून टाकल्या. या युक्तीपायी 2024 मध्ये कंपनीला 36 कोटी 50 लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. सगळ्या जगात डिझेलवर धावणाऱ्या हायलक्ससारख्या पिकअपना ही भिंत ओलांडणं परवडलं नाही.

सर्वांना एकच माप

कोंबडी मजेची, पण मूळ कारण आहे धूर.

डिझेल इंजिनात हवा भरपूर असते आणि ज्वाला फार तापते. त्या तापात हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. शहरावर पसरणारा पिवळट धुरकट थर आणि मुलांची धाप, दोन्हींत त्यांचा वाटा. ताप कमी करावा तर काजळी वाढते. एक दाबलं की दुसरं वर येतं. पेट्रोल गाडीचा साधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इथे चालत नाही, कारण डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक राहतो.

युरोपने यावर डिझेलला सवलत दिली. 2005 पासूनच्या युरो 4 नियमात पेट्रोल मोटारीला किलोमीटरमागे 80 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, डिझेलला 250. आपल्या भारत स्टेज 4 मध्येही हाच 250 चा आकडा होता. अमेरिकेने 2004 ते 2009 या काळात जे नियम टप्प्याटप्प्याने आणले, त्यात इंधन कोणतंही असो, सरासरी मर्यादा एकच, मैलामागे 0.07 ग्रॅम. किलोमीटरच्या हिशेबात हे सुमारे 43 मिलिग्रॅम होतात. चाचणीच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी जवळजवळ सहापट फरक! आणि हे माप मोटारींबरोबर पिकअप-एसयूव्हींनाही लागू झालं.

मला हे माप योग्य वाटतं. श्वास घेणाऱ्याला धूर कोणत्या टाकीतून आला याने काय फरक पडतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं, तेव्हा युरोपात निम्म्याहून जास्त नव्या मोटारी डिझेलवर निघत होत्या. भारतात सूट संपली एप्रिल 2020 मध्ये, बीएस 6 आल्यावर. डिझेल मोटारींची मर्यादा 250 वरून थेट 80 वर उतरली आणि त्याच महिन्यापासून मारुतीने डिझेलच सोडून दिलं. अमेरिकेत जे दहा-पंधरा वर्षं आधी घडलं, ते आपण अलीकडे पाहिलं.

या नियमांचा पहिला बळी जीप लिबर्टी. 2005 मध्ये तिच्यात 2.8 लिटरचं इटालियन डिझेल आलं आणि 2006 नंतर गेलंही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मेन आणि व्हर्मॉन्ट या कडक नियमांच्या राज्यांत तर ती विकताच येत नव्हती.

युरिया आणि इटलीतलं गाव

धूर धुता येतो, पण त्याचा खर्च आहे. आधी इंधनातलं गंधक काढावं लागतं, कारण ते धूर साफ करणारी रसायनं निकामी करतं. अमेरिकेने 2006 पासून त्याची मर्यादा दहा लाखात 500 भागांवरून 15 वर आणली. मग काजळी पकडायला गाळणी, जी अधूनमधून स्वतःला तापवून काजळी जाळते. आणि शेवटी युरिया. शेतात टाकतो तेच रसायन, फक्त फार शुद्ध, पाण्यात 32.5 टक्के विरघळवलेलं. ते धुरात फवारलं की अमोनिया होतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजन-वाफेत रूपांतर करतो. हे द्रावण उणे 11 अंशांना गोठतं, म्हणून मिनेसोटातल्या थंडीसाठी त्याच्या टाकीला हीटर लावावा लागतो.

या सगळ्याने गाडी काही हजार डॉलरनी महागते. वर पेट्रोलवर गॅलनमागे 18.4 सेंट केंद्रीय कर आणि डिझेलवर 24.4 सेंट. युरोपातल्या बहुतेक देशांत डिझेलवर कर कमी, अमेरिकेत जास्त. अमेरिकी रिफायनऱ्याही पेट्रोलसाठीच बांधलेल्या: 42 गॅलनच्या एका पिंपातून 19-20 गॅलन पेट्रोल निघतं, डिझेल 11 ते 13. घरच्या माणसाने डिझेल घ्यावं तरी कशाला?

त्यातच पेट्रोल इंजिनं टर्बो लावून अंगाने भरली. 2018 मध्ये फोर्डने एफ-150 मध्ये डिझेल दिलं, त्याचा टॉर्क 440 पौंड-फूट. त्याच गाडीतल्या 3.5 लिटर पेट्रोल इंजिनाचा 470. ओढण्याच्या ताकदीत डिझेल घरच्या घरी हरलं. 2021 नंतर ते बंद.

एक गमतीची गोष्ट इथेच सांगून टाकतो. रॅम 1500 आणि जीप ग्रँड चेरोकीतलं 3.0 लिटर डिझेल, लिबर्टीतलं 2.8 आणि शेवरले कोलोरॅडोच्या 2.8 चा मूळ आराखडा, हे सगळं व्हीएम मोटोरी या एकाच कंपनीचं. तिचं ठिकाण इटलीतलं चेन्तो. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी, ज्यांनी मोटारींआधी ट्रॅक्टर बनवले, ते याच चेन्तोच्या हद्दीत जन्मले.

चाचणीत पास, रस्त्यावर नापास

आणि मग फसवणूक. 2013 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या गटाने तीन डिझेल गाड्यांच्या डिकीत मोजयंत्रं ठेवून त्या रस्त्यावर चालवल्या. एक तर लॉस एंजेलिस ते सिएटल आणि परत. अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे दोन भारतीय या गटात होते. फोक्सवॅगनची जेटा मर्यादेच्या 15 ते 35 पट धूर सोडताना सापडली, पसाट 5 ते 20 पट. तिसरी गाडी कोणती होती? बीएमडब्ल्यू एक्स 5, चांगली दणकट एसयूव्ही, आणि ती बहुतांशी नियमात बसली. म्हणजे स्वच्छ डिझेल एसयूव्ही बनवता येत होती! हे वाचल्यावर लबाडीचा राग दुप्पट होतो.

सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत होतं. दोन महिन्यांत टुआरेग, ऑडी क्यू 7 आणि पोर्शे कायेन या 3 लिटरच्या एसयूव्हीही अडकल्या. कंपनीने परत घेतलेल्या गाड्या ठेवायला जागा पुरेना, म्हणून मिशिगनमधल्या सिल्व्हरडोम या बंद पडलेल्या स्टेडियमभोवती आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात त्यांच्या रांगा लागल्या.

जानेवारी 2017 मध्ये पाळी रॅम 1500 आणि ग्रँड चेरोकीची, सुमारे 1 लाख 4 हजार गाड्या. त्या बनवणाऱ्या कंपनीने 2022 मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. 2023 अखेरीस कमिन्सही रॅमच्या मोठ्या पिकअपवरून 167 कोटी 50 लाख डॉलर दंड द्यायला तयार झाली, चूक मात्र मान्य केली नाही. ज्या ड्रायव्हरने मालकाला गाडीत बसवून इंजिन पटवलं, त्याच्या नावावर हे यावं, हे मला बोचतं.

मालकही काही कमी नव्हते. धूर साफ करणारी यंत्रणा काढून टाकून मुद्दाम काळे लोट सोडायचे, असा एक शौक तिथे आहे. 2020 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अंदाज केला की साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा अशी उपटली गेली आहे.

पंपावरून थोडं

अमेरिकेत डिझेलच्या नळीची मूठ बहुतेक ठिकाणी हिरवी असते आणि तिचं तोंड जाड, म्हणजे पेट्रोल टाकीत ते शिरतच नाही. शेतीसाठी करमुक्त डिझेल मिळतं, त्यात लाल रंग घातलेला असतो. असं लाल डिझेल रस्त्यावरच्या गाडीत सापडलं तर दंड किमान 1,000 डॉलर. पकडणारं खातं पोलिसांचं नाही, चक्क आयकराचं!

आणि ताकदीचा नमुना हवा असेल तर हा: 2006 मध्ये 5 लिटर, दहा सिलिंडरच्या डिझेल टुआरेगने इंग्लंडमध्ये 155 टनांचं बोइंग 747 ओढून दाखवलं. ही गाडी तेव्हा अमेरिकी शोरूममध्येही मिळायची.

नाशिकच्या कुळातली पिकअप

महिंद्रानेही अमेरिकेचं दार वाजवलं. नाशिकच्या स्कॉर्पिओच्या कुळातली, 2.2 लिटर डिझेलची पिकअप तिथे विकायचं 2006 च्या सुमारास ठरलं. डीलर नेमले गेले, 2010 मध्ये धुराची चाचणीही पार पडली. मग वितरकाशी फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि गाडी आलीच नाही.

2018 मध्ये महिंद्राने मिशिगनमध्ये रॉक्सर जोडायला घेतली. अडीच लिटरचं टर्बो डिझेल, 62 अश्वशक्ती, आपल्या थारची सख्खी बहीण. ती रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, फक्त शेतात-रानात, म्हणून मोटारींचे नियम तिला लागू नाहीत. जीप बनवणाऱ्या कंपनीने चेहरा सारखा दिसतो म्हणून तक्रार केली आणि पुढचा भाग बदलावा लागला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत महिंद्रा माझगावला अमेरिकेचीच विलीज जीप जोडत होती, म्हणजे चेहरा सारखा असण्यात नवल नव्हतं.

माझदाची धडपडही सांगायला हवी. कित्येक वर्षं ही कंपनी अमेरिकेला डिझेलचं वचन देत होती. सीएक्स-5 एसयूव्हीत ते अखेर 2019 मध्ये आलं, किंमत 41 हजार डॉलरच्या वर, आणि एकाच वर्षात गेलं. जनरल मोटर्सचं 3 लिटर डिझेल मात्र टिकलं. 2020 च्या सिल्व्हराडोत त्याने महामार्गावर गॅलनला 33 मैल, म्हणजे लिटरला 14 किलोमीटर असा सरकारी आकडा मिळवला. दोन टनांहून जड पिकअपसाठी हे ॲव्हरेज खरोखर कौतुकाचं.

ज्यांना यातलं काहीच नको, ते जपानकडे बघतात. 1988 च्या कायद्याप्रमाणे 25 वर्षांहून जुनी परदेशी गाडी अमेरिकेच्या सुरक्षा नियमांतून सुटते, धुराच्या केंद्रीय नियमांतून तर 21 वर्षांनीच. त्यामुळे मित्सुबिशी डेलिका आणि डिझेल लँड क्रूझर यांची तिथे चांगली मागणी आहे. वय उत्पादनाच्या महिन्यापासून मोजतात, म्हणून खरेदीदार आधी गाडीची पाटी वाचतात: कारखान्यातून जून 2001 मध्ये निघालेल्या लँड क्रूझरचं जहाज मे 2026 मध्ये पोचलं तर ती नियमात बसत नाही, जूनअखेर पोचलं तर बसते.